स्वेन क्रामर यांची कारकीर्द १०,००० मीटरच्या सुवर्णपदकाविना अपुरी मानावी का?

प्रश्न:
नेदरलँड्सचे स्पीड स्केटर स्वेन क्रामर यांनी २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटरचे अंतर दक्षिण कोरियाच्या ली सुंग-हून यांच्यापेक्षा सुमारे चार सेकंद कमी वेळात कापले, तरीही त्यांना बाद ठरवून सुवर्णपदक ली यांना देण्यात आले. हे नेमके कशामुळे घडले, आणि या एका शर्यतीमुळे त्यांच्या कारकिर्दीचे मोल कमी होते असे आपल्याला वाटते का?

प्रतिसाद १:
चूक मार्गिकेची होती. ४०० मीटरच्या बर्फाच्या रिंगणावर एका वेळी दोन स्केटर धावतात. आतले वळण लांबीला कमी असल्यामुळे, दोघांच्या वाट्याला सारखेच अंतर यावे म्हणून प्रत्येक फेरीत त्यांनी पलीकडच्या सरळ भागावर मार्गिका बदलायची असते, आणि १०,००० मीटरला अशा २५ फेऱ्या होतात. क्रामर नियमाप्रमाणे बाहेरच्या मार्गिकेकडे निघाले होते. तेवढ्यात प्रशिक्षक गेरार्ड केमकर्स यांनी त्यांना आत जाण्यास सांगितले आणि ऐन वेळी त्यांनी पाय आत वळवला. त्यामुळे लागोपाठ दोनदा आतले वळण घेतले गेले. शर्यत संपल्यावर केमकर्स यांच्याकडून खरा प्रकार कळताच क्रामर यांनी चष्मा भिरकावून दिला.

प्रतिसाद २:
मोल कमी होते असे मला मुळीच वाटत नाही. २०१०, २०१४ आणि २०१८ अशा सलग तीन ऑलिंपिकमध्ये ५,००० मीटरचे सुवर्ण त्यांनी जिंकले, आणि अष्टपैलू स्केटिंगचे जगज्जेतेपद नऊ वेळा मिळवले. या स्पर्धेत ५०० मीटरपासून १०,००० मीटरपर्यंतच्या चारही शर्यतींचे गुण एकत्र धरले जातात, त्यामुळे स्केटरची खरी ताकद तिथेच जोखली जाते असे माझे ठाम मत आहे. शिवाय एवढ्या मोठ्या आघातानंतरही त्यांनी केमकर्स यांची साथ सोडली नाही, याचा मला फार आदर वाटतो.

प्रतिसाद ३:
वरील प्रतिसादाशी मी बव्हंशी सहमत आहे, परंतु व्हँकुव्हरची शर्यत वगळली तरी ऑलिंपिकमधील १०,००० मीटरचे सुवर्ण त्यांना मिळाले नाही, हेही लक्षात घ्यावे लागेल. २०१४ मध्ये सोची येथे त्यांचेच देशबांधव योरित बर्ग्समा यांनी त्यांना मागे टाकले आणि २०१८ मध्ये ते सहावे आले. त्या दोन्ही पराभवांत प्रशिक्षकांचा काहीच दोष नव्हता.