लाँग एक्स्पोजरमध्ये रंगीत ठिपके : सेन्सर गेला का?

प्रश्न : आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १६०० आणि ३० सेकंदांच्या एक्स्पोजरला (सेन्सरवर प्रकाश पडू देण्याचा वेळ) लाल-निळे ठिपके येतात, दर फोटोत नेमके त्याच जागी. दिवसाच्या फोटोंत काहीच नाही. सेन्सर बदलावा लागेल का?

उत्तर १ : अजिबात नाही, हे हॉट पिक्सेल आहेत. प्रकाश नसतानाही त्या पिक्सेलमध्ये विद्युतभार साठत राहतो. एक्स्पोजर जितकं लांब आणि सेन्सर जितका गरम, तितका ठिपका ठळक. लाइव्ह व्ह्यू (स्क्रीनवर सतत दिसणारं दृश्य) बराच वेळ चालू ठेवला की म्हणूनच त्रास वाढतो.
खात्रीसाठी लेन्सला झाकण लावा, व्ह्यूफाइंडर झाका आणि रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल) दोन फोटो काढा : १/६० आणि ३० सेकंद. १००% झूमवर बघा. पहिल्या फोटोतही ठिपका असेल तर तो स्टक पिक्सेल, म्हणजे कायम पेटलेला. जेपेगवरून ठरवू नका, त्यात शेजारच्या पिक्सेलमध्ये रंग पसरून ठिपक्याचा छोटा क्रॉस होतो.

उत्तर २ : मेनूत पिक्सेल मॅपिंग (कॅमेरा खराब पिक्सेल शोधून त्यांच्या जागी शेजारच्यांची माहिती भरतो) शोधा, ऑलिंपसमध्ये ते थेट मिळतं. कॅननच्या बऱ्याच मॉडेलांत याच कामासाठी झाकण लावून मॅन्युअल सेन्सर क्लीनिंग सुरू करायचं, ३०-४० सेकंद थांबून कॅमेरा बंद करायचा. बॅटरी भरलेली हवी.

उत्तर ३ : मॅपिंगनंतरही उरले तर लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन चालू करा. कॅमेरा तेवढ्याच वेळाची डार्क फ्रेम (प्रकाश न येऊ देता काढलेला फोटो) घेऊन मूळ फोटोतून वजा करतो, म्हणजे ३० सेकंदांच्या फोटोला मिनिट लागतं. स्टार ट्रेल्सला (ताऱ्यांच्या सरकण्याच्या रेषांचे लागोपाठ फोटो) मात्र ते बंदच ठेवा, मधल्या थांब्यांमुळे रेषा तुटतात. त्याऐवजी शेवटी, सेन्सर तितकाच गरम असताना, त्याच आयएसओला १५-२० डार्क फ्रेम घ्या आणि नंतर संगणकावर वजा करा. घरी येऊन घेतल्या तर तापमान जुळत नाही आणि ठिपक्यांच्या जागी काळे डाग उरतात.