मदत हवी आहे: शेजारच्या शेकण्याच्या मशीनमुळे रेडिओवर गुरगुर

मंडळी, मी फोंड्याला राहतो, हॅम रेडिओचा (हौशी बिनतारी संपर्काचा) नाद आहे. संध्याकाळी पाच वाजले की २८ मेगाहर्ट्झच्या बँडवर जाड गुरगुर सुरू होते. एका जागी थांबतही नाही, पाच-दहा मिनिटांत सरकत जाते. चवथीच्या सुट्टीत मात्र बँड एकदम स्वच्छ! तेव्हा डोक्यात प्रकाश पडला: खालच्या मजल्यावरच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात जुनं, व्हॉल्व्हचं (काचेच्या इलेक्ट्रॉनिक नळ्यांचं) शॉर्टवेव्ह डायथर्मी मशीन आहे, म्हणजे रेडिओ लहरींनी सांधे शेकणारं.

अशा मशीनला २७.१२ मेगाहर्ट्झ ही फ्रिक्वेन्सी ठरवून दिलेली आहे, आजूबाजूला फक्त १६३ किलोहर्ट्झची सूट. पण फ्रिक्वेन्सी स्थिर ठेवणारा क्रिस्टल नसलेलं जुनं मशीन गरम झालं, पेशंट जरा हलला, की भरकटतं. शिवाय मशीनचा वीजपुरवठा नीट गाळलेला नसेल तर विजेची गुणगुणही मिसळते.

डॉक्टरबाई भल्या आहेत, माझ्या आईचा गुडघा त्याच मशीनवर शेकला जातो, म्हणजे भांडायची सोय नाही! मेन्सला फिल्टर लावू देतील, पण पॅड आणि त्यांच्या वायरीच अँटेनासारख्या वागत असतील तर तेवढ्यानं भागेल का? लहरी अडवायला खोलीला तांब्याची जाळी कुणी लावली आहे का? साधारण खर्च किती आला?