प्रतिसाद: आधी बरणी, मग मायक्रोस्कोप
सिंधुदुर्गात ऑन्कोपॅथॉलॉजिस्ट (कॅन्सरच्या गाठी तपासणारा डॉक्टर) आला की कॅन्सरचे रिपोर्ट सुधारतील, असं म्हणतात; हे अर्धंच खरं. एमडीनंतरच्या प्रशिक्षणात स्लाइड वाचण्याइतकाच ग्रॉसिंगला (काढलेली गाठ नुसत्या डोळ्यांनी तपासून, कापून तयार करण्याला) वेळ हवा. स्तनाची गाठ अख्खी अरुंद तोंडाच्या बरणीत कोंबून मुंबईला पाठवली, की फॉर्मेलिन (ऊती टिकवणारं द्रावण) आत पोचत नाही (तासाला जेमतेम मिलिमीटरभर!) आणि कोकणातल्या उकाड्यात मधला भाग कुजतो. मग ईआर, पीआर (गाठीत इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन या हार्मोनचे रिसेप्टर आहेत का, याच्या चाचण्या) खोटे निगेटिव्ह येऊ शकतात. गाठ काढल्यापासून तासाभरात, कडांना शाई लावून, अर्ध्या सेंटिमीटर अंतरावर काप द्यायचे. मग गाठीच्या दहापट १० टक्के बफर्ड फॉर्मेलिनमध्ये ६ ते ७२ तास ठेवायची. काढल्याची आणि फॉर्मेलिनमध्ये टाकल्याची वेळ फॉर्मवर लिहायची. नाव बरणीवर, झाकणावर नको, झाकणं बदलतात.