फ्लेक्सबंदी मागणाऱ्यांनी आधी सांगावं, पूर्वी चौकात चेहरे कोणाचे होते?

तासगावचा डिझायनर

परवा साताऱ्यातल्या एका निवृत्त कलाशिक्षकांची पोस्ट सगळीकडे फिरत होती. म्हणणं असं : फ्लेक्सनं गावं विद्रूप केली, पेंटरांच्या पोटावर पाय आणला, संगणकावर चार मुंडकी चिकटवणाऱ्याला कलाकार म्हणू नये, सरसकट बंदी घालावी आणि बोर्ड पुन्हा पेंटरांच्या हाती द्यावेत. खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. मी तीच मुंडकी चिकटवून घर चालवतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

सर, पेंटरच्या काळात चौकात कोण दिसायचं? पुढारी, कारखान्याचे चेअरमन, नाहीतर सिनेमाचा हिरो. चेहरा पत्र्यावर उतरवायला दिवस जायचे, त्याची मजुरी ज्याला परवडायची तोच रंगात यायचा. आज द्राक्षबागेत छाटणीला जाणाऱ्या बाईचा मुलगा माझ्याकडे येतो, बहीण पोलीस भरतीत लागली म्हणून. मधोमध तिचा वर्दीतला फोटो, वर आजीचा, खाली सगळी भावकी. दुसऱ्या दिवशी तो चेहरा एसटी स्टँडसमोर लागतो. त्या घरातलं माणूस गावानं याआधी एवढं मोठं कधी बघितलंच नव्हतं. याला मी विद्रूपीकरण म्हणणार नाही.

आणि 'चार मुंडकी' कशी चिकटतात तेही ऐका. फोटो येतो व्हॉट्सॲपवरून, तोही लग्नातल्या ग्रुपमधला, खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा हात. तो हात काढायचा, खांदा नव्यानं बसवायचा. वीस जणांच्या तोंडावर उजेड वीस बाजूंनी आलेला असतो, तो एका अंगाला आणायचा. कुणाचं डोकं शेजारच्यापेक्षा बोटभर मोठं झालं की रात्री अकराला फोन. क्रम चुकला तर चुलत्या-पुतण्याचं बोलणं बंद होतं. एवढं सांभाळून बोर्ड लांबून वाचता आला पाहिजे. याला डिझाइन नाही तर काय म्हणायचं?

निवृत्त कलाशिक्षक, सातारा

तुमच्या कष्टांना मी नावं ठेवली नव्हती. राग आहे तो जागा अडवण्याचा. पोवई नाक्यावर वळताना समोरून येणारी गाडी दिसत नाही, कारण दुभाजकावर कुणाचा तरी वाढदिवस उभा असतो. राजवाड्यापाशी मान वर केली की अजिंक्यतारा दिसायचा, हा किल्ला झाकून आता आधी भाऊ-दादा-अण्णा दिसतात.

हे माझं एकट्याचं रडगाणं नाही. याच साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशननं २०११ मध्ये जनहित याचिका केली आणि ३१ जानेवारी २०१७ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं बेकायदा फलकांवर कारवाई करायला राज्यभरातल्या पालिकांना सांगितलं. ज्या गावानं ही लढाई सुरू केली त्याच गावात आज विजेच्या खांबाला खिळा सुद्धा मोकळा नाही. संताप येणार नाही तर काय?

दुसरी गोष्ट नजरेची. आमच्या जिल्ह्यात औंध आहे. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रं काढायचे. त्यांनी १९३८ मध्ये यमाईच्या डोंगरावर संग्रहालय बांधलं. रविवर्म्याची चित्रं तिथं आहेत, इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं 'मदर अँड चाइल्ड' शिल्प आहे. खेड्यातल्या माणसानं चांगलं बघावं म्हणून एका राजानं हे केलं. आणि आज त्याच खेड्यातल्या पोराची नजर घडते ती जांभळ्या-पिवळ्या फ्लेक्सवर, ज्यात अक्षरांना सात रंगांची सावली असते. चाळीस वर्षं मी मुलांना एलिमेंटरी-इंटरमीजिएटला बसवलं. शिकवलेलं सगळं शाळेच्या फाटकाबाहेर पाऊल टाकताच पुसलं जातं, याचं दुःख तुम्हाला कळणार नाही.

कराडच्या पेंटरचा पोरगा

सर, माझं वडील पेंटर. त्यांच्या नावानं गळा काढताय म्हणून बोलतो. ते धंद्यात होते तेव्हा त्यांना कोणी कलाकार म्हटलं नाही. 'ए पेंटर' म्हणायचे. एका शाळेनं कंपाउंडवर सुविचार लिहून घेतले आणि पैशासाठी वर्षभर हेलपाटे घालायला लावले. पेंटर गेल्यावर सगळ्यांना कळवळा आला.

आणि कायद्याचं म्हणाल तर पूर्ण सांगा. १९९५ चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायदा फ्लेक्सपुरता नाही. शाई, खडू, रंग, कशानंही भिंतीवर लिहिलं तरी ते विद्रूपणच. तीन महिन्यांपर्यंत कैद नाहीतर दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे तुम्ही ज्या पेंटरला परत बोलावताय, त्यानं परवानगीशिवाय भिंत रंगवली तर तोही त्याच कायद्यात सापडतो.

पण तासगावकर, तुमचंही एक खटकतं. अक्षर. वडील खडू चोळलेली सुतळी भिंतीवर ताणून फटका मारायचे, सरळ रेघ उमटायची. त्या रेघेवर शिरोरेषा, मग खाली अक्षर लोंबायचं. 'श्री' काढताना श्वास धरायचे. दोन शब्दांमधली जागा डोळ्यानं मोजायचे. तुम्ही काय करता? तयार फॉन्ट घेता, जागेत बसत नाही म्हणून आडवा ताणता. 'हार्दिक'चा रफार भलत्याच अक्षरावर जातो. 'शुभेच्छा' चुकीचं छापलेलं मी स्वतः ढिगानं बघितलंय. माझ्या बापानं असं अक्षर लिहिलं असतं तर गिऱ्हाइकानं पत्रा परत पाठवला असता.

मिरजेची

चेहरे सगळ्यांचे आले म्हणे. कुणाचे? २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. माझी मावशी एका गावची सरपंच होती. तिच्या निवडीच्या फ्लेक्सवर तिचा फोटो पासपोर्टएवढा आणि काकांचा कमरेपर्यंत, गॉगल लावून. ती डोक्यावर पदर घेऊन कोपऱ्यात, खाली नाव 'सौ.' करून नवऱ्याच्या नावासकट. मी डिझायनरला विचारलं तर म्हणाला, साहेबांनी असंच सांगितलंय.

आणि गोरं करणं? मावशी सावळी आहे. फ्लेक्सवर ती पिठाळ गुलाबी झाली होती. तिच्या नातीनं बोर्डाकडे बघून विचारलं, ही कोण? तासगावकर, हे तुम्ही लोकांनी केलंय. गिऱ्हाइकाच्या नावावर खपवू नका.

तासगावचा डिझायनर

ताई, 'तुम्ही लोकांनी' म्हणू नका. गोरं करून द्या हे मला रोज ऐकावं लागतं. नाही म्हटलं तर पोरगं शेजारच्या दुकानात जातं, तिथं एका क्लिकात होतं. माझं भाडं तुम्ही भरणार आहात का? तरी सांगतो, गेल्या निवडणुकीत मी एका बाईंचा फोटो त्यांच्या नवऱ्यापेक्षा मोठा ठेवला म्हणून काम हातचं गेलं. राग माझ्यावर काढणं सोपं आहे.

मिरजेची

भाडं भरणार नाही. पण एक काम गेलं म्हणून बाकीची शंभर तशीच करायची, हे मला पटत नाही.

कृष्णाकाठ, सांगली

मी वेगळं सांगते, विषय सुटला तर सुटू दे.

ऑगस्ट २०१९. आमचं घर गावभागात. पाणी पहिल्या मजल्याच्या खिडकीला लागलं. उतरल्यावर कपाट उघडलं तर सगळे अल्बम एकमेकांना चिकटून वीट झालेली. सासरे आधीच्या वर्षी गेले होते. त्यांचा एकही फोटो शिल्लक नव्हता, भिंतीवरचाही नाही. माझ्या नवऱ्यानं चिखलात बसून ती वीट नखानं उलगडायचा प्रयत्न केला आणि चेहऱ्यांची साल निघून आली.

मग आठवलं, दहाव्याला 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा फ्लेक्स लावला होता. ज्यानं केला त्याचं दुकानही बुडालं होतं, पण संगणक त्यानं माळ्यावर टाकला होता. फाइल मिळाली. आज आमच्या देवघराशेजारी जो फोटो आहे तो त्या फ्लेक्समधून काढलेला आहे. आमच्या गल्लीतल्या आणखी घरांचंही असंच झालं. सर, तुमच्या सरसकट बंदीत हा फ्लेक्सही येतो.

फोटो स्टुडिओ, विटा

ताई, वाचून वाईट वाटलं. पुढं कुणावर वेळ आली तर म्हणून लिहितो, कारण पूर आला की लोक घाईत फोटो घालवतात.

चिकटलेले फोटो कोरडे ओढायचे नाहीत. स्वच्छ गार पाण्यात बुडवून ठेवा, आपोआप सुटायला लागतात. गाळ बोटानं घासू नका, पाणी हलवून जाऊ द्या. मग चित्राची बाजू वर करून सुती कपड्यावर सावलीत पसरा, नाहीतर कोपऱ्याला चिमटा लावून दोरीवर टांगा. वर्तमानपत्रावर ठेवू नका, त्याची शाई उतरते. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढायचा नाही. काचेसकट धुवायचा आणि काचेतूनच कॅमेऱ्यानं टिपायचा. एवढ्या फोटोंना एकदम हात लागत नसेल तर फ्रीजरमध्ये ठेवा, नंतर सवडीनं करा.

जुने कृष्णधवल आणि लॅबमध्ये धुतलेले रंगीत फोटो पाण्यात बऱ्यापैकी तग धरतात. घरच्या इंकजेट प्रिंटरवर काढलेल्यांचा रंगच वाहून जातो. आणि मोबाइलमधला फोटो व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर दाबून बारीक होतो आणि मोठा करायला गेलं की फुटतो.

कृष्णाकाठ, सांगली

तेव्हा हे कोणी सांगितलं असतं तर निम्मे वाचले असते. कुठल्याच मदतकेंद्रावर हे लिहिलेलं नव्हतं. धान्य, चादरी, औषधं सगळं आलं. फोटोचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

पुसेसावळीकर

आमच्या तालमीचा गणपतीतला जुना फोटो, पैलवान लंगोटावर बसलेले, भिंतीवरच ओल येऊन गेला. स्टुडिओवाल्याकडं निगेटिव्ह होती, त्यानं दुकान विकताना पोत्यानं भंगारात घातली. गावाचा सगळा इतिहास किलोवर गेला. ग्रामपंचायतीत दप्तर ठेवायला कपाट आहे, फोटो ठेवायला नाही. लई जीव तुटतो.

फोटो स्टुडिओ, विटा

दादा, निगेटिव्ह ठेवायला जागा आणि पैसा लागतो. स्टुडिओ बंद पडत होते तेव्हा गावातलं कुणी विचारायला आलं नाही. आता दोष आमच्या माथी मारू नका.

निवृत्त कलाशिक्षक, सातारा

चर्चा फ्लेक्सबंदीची होती. फोटो कसे वाळवावेत यावर निम्मा धागा गेला.

कृष्णाकाठ, सांगली

सर, तुम्हाला तो विषय बाहेरचा वाटतो म्हणूनच भांडण आहे. गावात चित्र म्हणून काय असतं? औंधच्या डोंगरावर हेन्री मूर आहे, मान्य, अभिमान आहे. पण आमच्या घरात जे एक चित्र होतं ते सासऱ्यांचा फोटो होतं.

औंधच्या बाजूचा

सर औंधचं नाव घेतात तर पुढचंही सांगतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले होते. रंगांधळेपणामुळं चित्रकला सोडावी लागली, यंत्रांचं ड्रॉइंग शिकले. १९१० मध्ये याच औंध संस्थानाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. राजानं चित्रंही जपली आणि नांगराच्या कारखान्याला जमीनही दिली. त्या काळात तरी चित्र काढणारा मोठा आणि आराखडा काढणारा हलका, असा भेद औंधनं केला नाही. तो तुम्ही करताय.

निवृत्त कलाशिक्षक, सातारा

भेद मी करत नाही, पण 'चार मुंडकी'चं वाक्य कडवट होतं, तेवढं मागे घेतो. श्रद्धांजलीचा फ्लेक्स दारासमोर लावा, माझी हरकत नाही. भरती झालेल्या मुलीचाही लावा. मात्र वळणावर नाही, झाडाला खिळे ठोकून नाही, आणि दहाव्यानंतर काढून घ्या. १ जुलै २०२२ पासून १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरला देशभर बंदी आहे, ती तरी पाळा. कोपऱ्यात परवानगीचा क्रमांक आणि उतरवायची तारीख छापा. हे तुम्ही डिझायनरांनी ठरवलं तर उद्यापासून होऊ शकतं. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही, बदलणारही नाही.

तासगावचा डिझायनर

तारीख छापायची माझी तयारी आहे. परवानगीचा क्रमांक गिऱ्हाइकानं आणला तर तोही छापीन. पुढाऱ्याचा वाढदिवस नाकारायची ऐपत माझ्यात नाही, खोटं बोलणार नाही. दिवाळी सोडली तर धंदा त्याच्यावरच चालतो.

मिरजेच्या ताई, रंगाचं पटलं. यापुढं कुणी सांगितल्याशिवाय चेहऱ्याला हात लावणार नाही. सांगितलं तर मात्र काय करायचं ते अजून ठरत नाही.

मिरजेची

सांगितलं तर दोन्ही छापून दाखवा आणि घरातल्या बाईला निवडू द्या. साहेबांना नको.

कराडच्या पेंटरचा पोरगा

अक्षराचं उत्तर कुणी दिलं नाही.

तासगावचा डिझायनर

दादा, त्याला उत्तर नाही, म्हणून गप्प बसलो. मला हातानं अक्षर येत नाही. तुमचे वडील अजून ब्रश धरत असतील तर श्री, शुभेच्छा, श्रद्धांजली, अभिनंदन एवढे शब्द कागदावर काढून द्यायला सांगा. मी स्कॅन करून तेच वापरतो, खाली त्यांचं नाव टाकतो.

कराडच्या पेंटरचा पोरगा

हात थरथरतो, पण सकाळच्या वेळेला अजून जमतं त्यांना. विचारतो. फक्त शब्दामागं मजुरी आधी ठरवायची आणि रोख द्यायची. त्या शाळेसारखं चालणार नाही.