स्टँड-अपचा सेट चित्रित करण्याआधी गावोगावचा दौरा हवाच का?

एसटीचा प्रवासी (धागालेखक)

मी गेली सहा वर्षे मराठीत स्टँड-अप करतो आणि त्यांतली चार वर्षे बहुतेक पुण्याबाहेरच्या प्रयोगांत गेली. सध्या रीत अशी पडली आहे की, पुण्या-मुंबईच्या ओपन माइकवर, म्हणजे कोणीही येऊन नवे विनोद करून पाहू शकतो अशा मंचावर, दहा-पंधरा वेळा करून पाहिलेला सेट (सलग बांधलेला विनोदी कार्यक्रम) थेट कॅमेऱ्यापुढे सादर करायचा, त्याचे मिनिटभराचे तुकडे प्रसारित करायचे आणि ते गाजले तरच दौरा काढायचा. हा क्रम उलटा असावा, असे माझे ठाम मत आहे. तासाभराचा सेट आधी सांगली, नांदेड, जळगाव, चिपळूण अशा निरनिराळ्या बोलीच्या गावांत किमान वीस वेळा सादर व्हावा आणि मगच तो चित्रित करावा.

एक अनुभव सांगतो. माझ्या सेटमध्ये गृहनिर्माण सोसायटीच्या चेअरमनवर सात मिनिटांचा भाग होता. पार्किंगवरून ओरडणारा, जिन्यातल्या चपला मोजणारा हा चेअरमन पुण्यात हमखास हशा मिळवीत असे. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी तो सादर केला, तेव्हा पहिली दोन मिनिटे सभागृह शांत राहिले. तिथे ‘सोसायटी’ म्हटले की आधी गावची विकास सोसायटी डोळ्यांपुढे येते. तिचा चेअरमन पॅनेल उभे करून निवडून येतो आणि शेतकऱ्याच्या पीककर्जाचा कागद त्याच्यापुढून जातो. त्यामुळे ‘गाडी इथून काढा’ हे वाक्य आले तेव्हा, पुण्यात मी जिथे थांबतही नसे तिथे, मोठा हशा पिकला. ज्याच्याकडे आपले कर्ज आहे तोच गाडी काढायला सांगतो आहे, असा अर्थ लोकांनी आपणहून लावला होता. त्या रात्री लॉजवर बसून मी तो भाग नव्याने लिहिला. आता त्यात दोन्ही चेअरमन आहेत, त्यांची एकमेकांशी गाठ पडते, आणि तो भाग पुण्यातही पूर्वीपेक्षा चांगला चालतो.

दुसरी गोष्ट हशाच्या वेळेची आहे. साठ खुर्च्यांच्या कॅफेत हशा एकदम येतो आणि एकदम संपतो. मोठ्या नाट्यगृहात तो पुढच्या रांगांतून बाल्कनीपर्यंत चढत जातो आणि तो उतरू लागला की नेमक्या क्षणी पुढचे वाक्य टाकावे लागते. हा अंदाज फिरल्याशिवाय येत नाही. शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार कथाकथनासाठी महाराष्ट्रभर हिंडले. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्री प्रयोगात ५२ पात्रे एकट्याने उभी करणारे डॉ. लक्ष्मण देशपांडे वर्षानुवर्षे दौऱ्यावर राहिले आणि २००४ मध्ये त्या प्रयोगाची नोंद गिनेस बुकात झाली. आपली हसवण्याची परंपरा प्रवासातच घडली आहे, आणि ती आपण अवघ्या काही वर्षांत सोडून देत आहोत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

कोथरूडकर

धागालेखकांच्या कष्टांबद्दल आदर आहे, पण निष्कर्ष पटला नाही. ‘सोसायटी’चा तिकडचा अर्थ सांगलीच्या कोणत्याही मित्राने एका फोनवर सांगितला असता, त्यासाठी वीस गावांचा नियम कशाला? शिवाय दौऱ्यावरचा कलावंत गावात राहतो तरी किती? संध्याकाळी पाचला गाडी पोहोचते, सहाला ध्वनिव्यवस्थेची तपासणी होते, नऊला प्रयोग, बाराला जेवण आणि पहाटे पुढचा रस्ता. त्याला गाव दिसते ते महामार्ग, लॉज आणि विंग एवढेच. म्हणूनच सतत फिरणाऱ्यांचे सेट हळूहळू लॉजवरच्या चादरी, टोलनाके आणि ढाब्यांवर येऊन थांबतात, असे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे. ज्याने महिनाभर घरी राहून भाजी आणली, आईला दवाखान्यात नेले, बँकेच्या रांगेत उभा राहिला, त्याच्याकडे सांगण्यासारखे अधिक असते.

डॉ. देशपांडे यांचे उदाहरण तर तुमच्या विरुद्ध जाते. ते औरंगाबादच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवत होते. त्यांची चूल दौऱ्यावर अवलंबून नव्हती, त्यांना स्वतःचे एक गाव होते आणि त्या गावातले जगणेच प्रयोगात उतरले होते. आणि माझी मावशी गडहिंग्लजला राहते. रात्रीच्या प्रयोगासाठी तिने साठेक किलोमीटरवरच्या कोल्हापुरास जावे, अशी अपेक्षा ठेवता येत नाही. तिच्यापर्यंत तुमचा विनोद पोहोचवते ती चित्रफीतच, आणि ती लवकर पोहोचली तर बिघडले काय?

हिशेबाची वही

मी दोन कलावंतांच्या दौऱ्यांची व्यवस्था पाहतो, त्यामुळे या चर्चेत आकडे आलेच पाहिजेत. मराठवाड्यातल्या आमच्या एका प्रयोगाचा हिशेब देतो. २९९ रुपयांची २१० तिकिटे विकली गेली, म्हणजे ६२,७९० रुपये जमले. नाट्यगृहाचे भाडे आणि वीज १४,०००, ध्वनी व प्रकाश ६,०००, पुण्याहून गाडी ९,५००, दोन खोल्या ४,०००, जेवणखाण २,४००, फलक आणि जाहिरात १२,०००. तिकीटविक्रीच्या संकेतस्थळाने दहा टक्के कापून घेतले. उरलेल्या साडेआठ हजारांतून स्थानिक आयोजकाचा तीस टक्के वाटा गेल्यावर सहा हजारांच्या आसपास रक्कम हाती आली आणि ती तीन माणसांत, दोन दिवसांच्या कामासाठी वाटायची होती. सभागृह अर्ध्याहून अधिक भरले होते, हेही लक्षात घ्यावे.

‘आधी दौरा, मग चित्रीकरण’ असे म्हणताना एवढ्या तुटपुंज्या कमाईवर वीस प्रयोग कोणी करायचे, याचे उत्तर धागालेखकांनी दिलेले नाही. नाव झालेले नसताना तिकीट विकले जात नाही आणि नाव होते चित्रफितीमुळेच. नाटकाला निदान ठरलेला निर्माता असतो, नटाला ‘नाइट’, म्हणजे दर प्रयोगाचे ठरलेले मानधन, मिळते, बस निघते तेव्हा तिच्या डिझेलची चिंता नटाला नसते. स्टँड-अपमध्ये लेखक, नट, निर्माता आणि बऱ्याचदा चालकही एकच माणूस असतो. मुख्य कलावंताआधी दहा मिनिटे करणाऱ्या नवोदिताची स्थिती याहून वाईट आहे, कारण त्याला मानधन म्हणून ‘अनुभव’ मिळतो आणि परतीच्या शिवशाहीचे तिकीट तो स्वतः काढतो.

मीही मंचावर

मी स्टँड-अप करते आणि दौरे केले आहेत, म्हणून एवढे लिहिल्याशिवाय राहवत नाही. धागालेखकांच्या ‘किमान वीस गावे’ या अटीत फिरणारा माणूस पुरुष आहे, हे गृहीत धरलेले आहे. त्यांनी ‘त्या रात्री लॉजवर बसून’ हा भाग नव्याने लिहिला. मी लॉजवर पोहोचते तेव्हा आधी दाराची कडी, मग खिडकी, मग न्हाणीघराचे दार तपासते आणि खुर्ची दाराला लावून झोपते. एका जिल्ह्याच्या ठिकाणी आयोजकांनी आम्हा चौघांसाठी एकच खोली घेतली होती. चौघांत मी एकटी बाई होते आणि ‘सगळे कलाकारच आहेत ना’ असे मला सांगण्यात आले. मी रात्री दीडच्या गाडीने उभ्याने परत आले. दुसऱ्या एका नाट्यगृहात स्त्रियांच्या रंगपटातल्या स्वच्छतागृहाला कुलूप होते आणि त्याची किल्ली कोणाकडे आहे, हे प्रयोग संपेपर्यंत कळले नाही.

दौऱ्याने कला पक्की होते, हे मला मान्य आहे. सासूबाईंवरचा माझा भाग अमरावतीत केल्यानंतरच खरा उभा राहिला, कारण पुण्यात बायका तोंडावर हात ठेवून हसत होत्या आणि अमरावतीत त्या मोठ्याने उत्तरे देत होत्या. पण जी वाट सगळ्यांना सारखी चालता येत नाही, तिलाच कलावंताच्या योग्यतेची कसोटी ठरवले, तर उद्या ‘या बाईने फिरून काम केलेले नाही’ असे म्हणून तिला मुख्य प्रयोग नाकारणे सोपे होईल. तसे आजही होते.

लातूरची प्रेक्षक

तुम्ही सगळे मंचावरून बोलत आहात, म्हणून खुर्चीवरून दोन गोष्टी सांगते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आमच्या गावाला रेल्वेने पाणी आले. त्या उन्हाळ्यात माझ्या सासऱ्यांनी रात्री जागून टँकरची वाट पाहिली आहे आणि माझ्या मुलीने दप्तराच्या जोडीला कळशी उचलली आहे. तेव्हापासून इथे येणारा जवळजवळ प्रत्येक कलावंत पहिल्या पाच मिनिटांत ‘आज अंघोळ केली का, की गाडी अजून यायची आहे?’ अशा धर्तीचा विनोद करतो. पहिल्यांदा आम्ही हसलो. आता जे हसू येते ते पाहुण्याचा मान राखण्यासाठी असते आणि पाहुणा मात्र ते खरे धरून पुढच्या गावी जातो. गावोगाव फिरल्याने गाव कळते, असे धागालेखक म्हणतात. ज्यांना गावाच्या नावापुढे एक ठरलेला विनोद जोडायचा असतो, त्यांना ते कळत नाही.

तरीही कोथरूडकरांशी मी सहमत नाही. मोबाइलवर एकटीने पाहणे वेगळे आणि शेजारच्या पोस्टातल्या बाई, मुलाचे सर, समोरचे किराणावाले यांच्यासह चारशे माणसांत हसणे वेगळे. आमच्याकडे वर्षाकाठी असे प्रसंग थोडे येतात. ‘चित्रफीत पोहोचली म्हणजे झाले’ असे पुण्यातल्या माणसाने म्हणू नये, कारण त्याच्या घरापासून दोन नाट्यगृहे रिक्षाच्या अंतरावर असतात.

नारायणगावकर

आमच्या गावात चैत्रात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात आणि जत्रांच्या सुपाऱ्या ठरतात, त्यामुळे फिरत्या विनोदाचे अर्थकारण आम्ही लहानपणापासून पाहत आलो. बतावणीतला, म्हणजे तमाशातल्या विनोदी संवादांच्या भागातला, सोंगाड्या गावात शिरताच विचारपूस करतो: यंदा यात्रेचा पंच कोण, बैलगाड्याच्या शर्यतीत कोणाची बारी चुकली, पाण्याच्या पाळीवरून कोणाचे भांडण झाले. रात्री तेच तो राजा-प्रधानाच्या तोंडी घालतो. लातूरच्या ताईंना जे हवे आहे ते हेच असावे. हिशेबाच्या वहीवाल्यांनी मांडलेल्या प्रश्नावरही फडाने एक उत्तर काढले होते. फडमालक हंगामाआधी कलावंताला उचल देतो आणि प्रवास, जेवण, मुक्काम सर्व फडाकडे असते. मात्र ही उचल फिटत नाही तेव्हा कलावंत पुढच्या हंगामालाही बांधला जातो, आणि त्यात पिढ्या अडकलेल्या मी पाहिल्या आहेत. तेव्हा ती पद्धत जशीच्या तशी कोणी उचलू नये.

कोथरूडकर

लातूरच्या ताईंचे शेवटचे वाक्य मला लागले आणि ते योग्यच आहे. पण दौऱ्याची आणखी एक बाजू कोणी मांडली नाही. १ जानेवारी २०२१ रोजी इंदूरमध्ये स्टँड-अप कलावंत मुनव्वर फारुकी यांना प्रयोगाच्या ठिकाणी अटक झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने जामीन देईपर्यंत त्यांना महिनाभराहून अधिक काळ तुरुंगात राहावे लागले. परक्या गावात कलावंताला ना वकील माहीत असतो, ना पत्रकार, ना मध्यरात्री दार उघडणारे घर. नवोदिताला सक्तीने तिथे पाठवण्याआधी याचा विचार व्हावा.

एसटीचा प्रवासी (धागालेखक)

सर्वांची उत्तरे दोनदा वाचली. कोथरूडकरांचा शेवटचा मुद्दा गंभीर आहे, तरी त्यातून चित्रफितीचा मार्ग सुरक्षित ठरत नाही. मार्च २०२५ मध्ये मुंबईत खारच्या हॅबिटॅट या स्टँड-अपच्या सभागृहाची तोडफोड झाली, ती तिथे चित्रित झालेली चित्रफीत प्रसारित झाल्यावरच. आणि मित्राच्या फोनबद्दल सांगायचे तर, शब्द चालणार नाही एवढे मित्राने सांगितले असते आणि मी तो शब्द गाळला असता. हशा नेमका कुठे फुटेल, हे त्यालाही माहीत नव्हते. ते चारशे माणसांनी मिळून ठरवले.

‘मीही मंचावर’ यांनी लिहिलेले वाचून मात्र मी माझी अट मागे घेतो. चार वर्षे मी अनेक सहकारी स्त्रियांबरोबर फिरलो आणि त्यांच्यापैकी कोणी खुर्ची दाराला लावून झोपत असेल, हे मला कधी विचारावेसे वाटले नाही, याची मला लाज वाटते. ‘किमान वीस गावे’ हा आकडा मी काढून टाकतो. त्याऐवजी दौरा करणाऱ्या मुख्य कलावंताने आयोजकाशी होणाऱ्या लेखी करारातच काही गोष्टी आधी मागून घ्याव्यात: स्त्री कलावंतासाठी स्वतंत्र खोली, नवोदिताचा प्रवासखर्च आणि मानधन, रंगपटाच्या किल्ल्या प्रयोगाआधी हातात. हा खर्च तिकीटविक्रीतून सर्वांत आधी वजा व्हावा आणि उरलेल्यावर आमचा वाटा ठरावा. माझ्या पुढच्या दौऱ्यापासून मी हे करणार आहे.

हिशेबाची वही

तुमच्या करारानुसार वरचाच हिशेब पुन्हा मांडला. एक जादा खोली, नवोदिताचे दोन हजार आणि त्याचा प्रवास वजा केला, तर आयोजकाचा वाटा काढल्यावर मुख्य कलावंताच्या हाती प्रवासाच्या चहापाण्यापुरते उरतात. तुम्ही ते सोसाल, याविषयी मला शंका नाही, पण ज्याची पहिलीच दौऱ्याची खेप आहे त्याला ते परवडणार नाही. दोन-तीन कलावंतांनी एकाच गाडीत, एकाच जाहिरातीवर मिळून फिरावे, सलग तीन गावे घ्यावीत आणि मधला रिकामा दिवस टाळावा, तरच गणित जमेल.

लातूरची प्रेक्षक

रिकामा दिवस टाळू नका, एवढीच विनंती. तो दिवस आमच्याकडे काढा. सकाळी गंजगोलाईत भाजीबाजार भरलेला असतो, दुपारी आडत बाजारात सोयाबीनचे सौदे ऐकायला मिळतात, आणि राहण्याची अडचण असेल तर माझ्या घरी माडीवरची खोली मोकळी आहे, तिला आतून कडी आहे. ‘मीही मंचावर’ ताईंनी आधी यावे.