फायली शोधण्यासाठी छोट्या कारखान्याने वेगळे यंत्र बसवावे का?

धागाकर्ता

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत असतात तशा एखाद्या मध्यम फाउंड्रीचे (धातूच्या ओतकामाच्या कारखान्याचे) उदाहरण डोळ्यांसमोर ठेवून हा प्रश्न मांडत आहे. तीसेक संगणक, एक नास (नेटवर्कला जोडलेली, सर्वांच्या फायली साठवणारी पेटी) आणि कोपऱ्यात चालू असलेला एखादा जुना सर्व्हर, एवढाच तिथला पसारा असतो. ग्राहकाचा ऑडिटर एका कास्टिंगवरचा (ओतीव भागावरचा) हीट नंबर, म्हणजे धातू वितळवण्याच्या एका खेपेचा क्रमांक, वाचून दाखवतो आणि त्या हीटचे मटेरियल टेस्ट सर्टिफिकेट, स्पेक्ट्रो रिपोर्ट (धातूतील घटकांच्या तपासणीचा अहवाल) व त्या वेळी लागू असलेले ड्रॉइंग मागतो. ही तिन्ही कागदपत्रे नेटवर्कवर असतातच, पण ती नेमकी कुठे आहेत हे गुणवत्ता विभागातील एकाच माणसाला ठाऊक असते आणि तो त्या दिवशी रजेवर असतो.

विंडोजच्या एक्सप्लोररमधून नेटवर्क ड्राइव्हवर शोध घेतला, तर सहसा त्या ड्राइव्हची आयती अनुक्रमणिका उपलब्ध नसते, त्यामुळे संगणक एकेक फोल्डर उघडत जातो आणि माणूस कंटाळून शोध थांबवतो. याउलट सर्च अप्लायन्स, म्हणजे फायली शोधण्यासाठीच बनवलेले तयार यंत्र, रात्री सर्व सामायिक फोल्डरांतून फिरते, फायलींचा मजकूर वाचते आणि कोणता शब्द कोणत्या फायलींत आहे याची उलट अनुक्रमणिका तयार ठेवते, म्हणून सकाळी ब्राउझरमध्ये हीट नंबर टाकताच उत्तर मिळते. वर्षानुवर्षे फोल्डरच्या शिस्तीची परिपत्रके काढत बसण्यापेक्षा हे यंत्र घेणे शहाणपणाचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद १ : संगणक पुरवठा करणारा

या मताशी मी असहमत आहे, आणि त्यामागचे कारण इतिहासात आहे. गूगलने 2002 मध्ये मोठ्या कंपन्यांसाठी पिवळ्या रंगाचे सर्च अप्लायन्स आणले आणि 2005 मध्ये छोट्या व्यवसायांसाठी ‘गूगल मिनी’ हा निळा डबा आणला. मिनीची सुरुवातीची किंमत 4,995 डॉलर होती आणि त्यात 50,000 दस्तऐवजांची मर्यादा होती. मिनीची विक्री 2012 मध्ये थांबली, तर मोठे अप्लायन्स गुंडाळण्याची घोषणा 2016 मध्ये झाली. गूगलसारख्या कंपनीलाही हा व्यवसाय पुढे चालवावासा वाटला नाही. मग कमी परिचित कंपनीचा बंद डबा विकत घेऊन छोट्या कारखान्याने तिच्या भवितव्यावर का विसंबावे?

धागाकर्ता

डबा बंद पडणे आणि कागदपत्रे गमावणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मूळ फायली नासवरच राहतात. यंत्रात असते ती केवळ अनुक्रमणिका, आणि ती दुसऱ्या यंत्रावर पुन्हा तयार करता येते. बंद डब्याचाच आक्षेप असेल, तर ल्यूसीन किंवा इलॅस्टिकसर्च या शोधाच्या सॉफ्टवेअरवर आधारलेली मुक्त स्रोत प्रणाली साध्या संगणकावर बसवता येते. अर्थात ती सांभाळणारा माणूस लागतो आणि छोट्या कारखान्यात नेमकी त्याचीच वानवा असते, हे मला मान्य आहे.

प्रतिसाद २ : गुणवत्ता विभागात काम करणारी

माझा आक्षेप यंत्राच्या आयुष्यावर नाही, ते जे शोधून देईल त्यावर आहे. आयएसओ 9001:2015 मधील कलम 7.5.3 दस्तऐवजांच्या नियंत्रणाविषयी आहे, आणि फाउंड्रीत त्याचा रोजचा अर्थ असा की शॉपवर लागू रिव्हिजनचेच (सुधारित आवृत्तीचेच) ड्रॉइंग पोचले पाहिजे. आज रद्द झालेले ड्रॉइंग कुठल्यातरी उपफोल्डरात पडून असते आणि ते सापडत नाही, हेच आमचे नकळत मिळालेले संरक्षण आहे. शोधयंत्र आल्यावर रिव्हिजन ए, बी आणि सी एकाच पानावर शेजारी शेजारी दिसतील.

त्यांतील कोणते वर येईल, हा तर आणखी कठीण प्रश्न आहे. इंटरनेटवरील पाने एकमेकांना दुवे देतात आणि त्या दुव्यांवरून महत्त्व ठरवता येते; कार्यालयातील फायली मात्र एकमेकींकडे बोट दाखवत नाहीत. त्यामुळे यंत्राला शब्दांची वारंवारता, फायलीचे नाव आणि तारीख यांवरच भिस्त ठेवावी लागते. कोणी सहज उघडून पुन्हा सेव्ह केलेले जुने ड्रॉइंग तारखेनुसार सर्वांत नवे ठरते. त्या ड्रॉइंगवरून पॅटर्न (साचा बनवण्याचा नमुना) दुरुस्त झाला, तर अख्खा लॉट भंगारात जातो आणि शोध किती झटपट लागला याचे कौतुक कोणी करत नाही.

धागाकर्ता

हा आतापर्यंतचा सर्वांत वजनदार आक्षेप आहे. त्यावर माझे म्हणणे एवढेच की रद्द ड्रॉइंगचे फोल्डर शोधातून वगळता येते आणि ते वगळलेच पाहिजे. परंतु टेस्ट सर्टिफिकेटला रिव्हिजन नसते. पाच वर्षांपूर्वीच्या हीटचे सर्टिफिकेट आजही तितकेच खरे असते. तिथे न सापडण्याला संरक्षण म्हणता येणार नाही.

प्रतिसाद ३ : ग्राफिक आणि कागदपत्रांचे काम करणारा

दोन्ही बाजू असे गृहीत धरत आहेत की यंत्राला फायली वाचता येतात. बहुतेक सर्टिफिकेटे सही-शिक्क्यासह स्कॅन केलेली असतात, म्हणजे त्यांत अक्षरे नसून केवळ चित्र असते. टेसरॅक्टसारखी मुक्त ओसीआर (चित्रातील अक्षरे ओळखणारी) प्रणाली इंग्रजी आणि मराठी दोन्ही ओळखते, पण पुसट छपाईत शून्य आणि ‘ओ’ किंवा पाच आणि ‘एस’ यांची अदलाबदल होते. पत्रात अशी चूक खपून जाते, पण हीट नंबरात एक अक्षर बदलले की ती वेगळी हीट होते. शिवाय नंबरात डॅश किंवा तिरकी रेघ असल्यास अनेक प्रणाली त्याचे तुकडे करून साठवतात, मग पूर्ण नंबर टाकून नेमकी फाइल मिळेलच असे नाही. ऑटोकॅडच्या ड्रॉइंगमधील टायटल ब्लॉक (नाव, क्रमांक, रिव्हिजन यांची चौकट) वाचायला वेगळे फिल्टर, म्हणजे तो प्रकार वाचणारे जोड-सॉफ्टवेअर, लागते. ते नसेल तर फक्त फायलीचे नाव हाती लागते.

जुन्या मराठी पत्रव्यवहाराची अवस्था याहून वाईट आहे. कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर पडद्यावर देवनागरी दिसतो, पण आतील संकेत युनिकोडचे नसतात. त्यामुळे ‘निविदा’ हा शब्द शोधल्यास त्यातले काहीही सापडत नाही. युनिकोड मजकुरातही ‘निविदेच्या’ आणि ‘निविदांमध्ये’ ही रूपे ‘निविदा’शी जोडणारी मराठीची व्यवस्था खरेदीपूर्वी तपासून पाहावी लागते.

प्रतिसाद ४ : लहान कार्यालय चालवणारा

एवढा खर्च करण्याआधी नासमध्ये काय आहे ते पाहावे. सिनॉलॉजीत यूनिव्हर्सल सर्च आणि क्यूनॅपमध्ये क्यूसर्च मिळते. केवळ नावावरून शोधायचे असेल तर ‘एव्हरीथिंग’ मोफत आहे. सर्टिफिकेट स्कॅन करतानाच फायलीच्या नावात हीट नंबर घातला, तर या धाग्यातला निम्मा वाद मिटतो.

धागाकर्ता

पुढच्या फायलींसाठी हे बरोबर आहे, पण मागच्या हजारो फायलींची नावे कोण बदलणार? जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून 72 महिने आणि कंपनीची हिशेबाची पुस्तके 8 आर्थिक वर्षे जपावी लागतात. स्कॅन करणारा मुलगा तेवढा काळ टिकत नाही. तो ‘स्कॅन001’ एवढे नाव ठेवून दुसऱ्या नोकरीवर जातो.

प्रतिसाद ५ : नेटवर्कची देखभाल करणारा

एक बाजू अजून कोणी मांडलेली नाही, आणि माझा विरोध तेवढ्यापुरता ठाम आहे. यंत्राला सर्व फोल्डर वाचण्याचा अधिकार द्यावा लागतो, त्यामुळे कोणाला कोणता निकाल दाखवायचा हे नंतर गाळून ठरवावे लागते. फायलींचे परवाने (कोणती फाइल कोणी उघडायची याच्या नोंदी) अनुक्रमणिकेबरोबरच उतरवून घेतले, तर शोध वेगवान राहतो, पण काल काढून घेतलेला अधिकार पुढच्या फेरीपर्यंत चालू दिसू शकतो. प्रत्येक शोधाच्या वेळी सर्व्हरला विचारले, तर उत्तर अचूक मिळते, पण शोध मंदावतो. दोन्ही पद्धतींत मूळ परवाने बरोबर आहेत हे गृहीतक असते, आणि छोट्या कारखान्यांत बहुतेक फोल्डरांवर ‘एव्हरीवन, फुल कंट्रोल’, म्हणजे सर्वांना सर्व अधिकार, हीच नोंद आढळते. मालकांच्या कर्जाची कागदपत्रे, पगारपत्रक, कामगारांचे आधार आणि बँक तपशील आजवर कोणाच्या नजरेस पडले नाहीत, ते केवळ कोणी तिकडे फिरकले नाही म्हणून. वैयक्तिक विदा संरक्षणाचा 2023 चा कायदा झाल्यानंतर हा केवळ घरगुती संकोचाचा विषय राहिलेला नाही.

म्हणून यंत्र घ्यायचेच असेल, तर आधी फक्त सर्टिफिकेटांचे फोल्डर त्याच्या हवाली करावे. त्यापुढे वाढवायचे ठरले, तर शिकाऊ कामगाराच्या लॉगिनने ‘सॅलरी’, ‘आधार’ आणि मालकांचे आडनाव शोधून पाहावे. एकही निकाल आला, तर मजकुराचा तुकडा जरी दिसला तरी, परवाने दुरुस्त होईपर्यंत यंत्र बंद ठेवावे.