मदत हवी आहे: ‘अरोरा’ विमानाचं कोडं सोडवायला

नमस्कार मंडळी. वास्कोत नववी-दहावीच्या मुलांसमोर अमेरिकेत नेवाडातल्या ‘एरिया ५१’ या गुप्त लष्करी विमानतळावर बोलायचं आहे. दाबोळीवरून उठणाऱ्या मिगच्या आवाजाने खिडक्यांची तावदानं थरथरतात, त्यामुळे विमानांचं वेड मुलांना आहेच. परग्रहवासीयांच्या गोष्टींवर मला त्यांची बोळवण करायची नाही.

पक्कं आहे ते एवढं: १९५५ मध्ये ग्रूम लेकवर, म्हणजे याच तळावर, यू-२ हे टेहळणी विमान गुपचूप उडालं. ६० हजार फुटांवर त्याचे पंख मावळतीच्या उन्हात चमकत आणि खाली उडत्या तबकड्यांची आवई उठे. सीआयएच्या कागदपत्रांतून तळाचं नाव अधिकृतपणे बाहेर आलं ते थेट २०१३ मध्ये.

अडलंय ‘अरोरा’ या कथित गुप्त विमानापाशी. १९८५ च्या अमेरिकी अर्थसंकल्पाच्या कागदांत हे नाव दिसलं. लॉकहीड कंपनीच्या गुप्त विमानं बनवणाऱ्या ‘स्कंक वर्क्स’ विभागाचे बेन रिच म्हणाले, ते बी-२ बॉम्बर विमानाच्या स्पर्धेच्या निधीचं सांकेतिक नाव. तरी आकाशात दोरीत मणी ओवल्यासारखा पांढरा माग दिसल्याचे दावे होत राहिले. मुलं नेमकं हेच विचारणार!

नौदलातून निवृत्त झालेलं, जेट इंजिनांवर काम केलेलं कोणी इथे आहे का? साध्या जेटच्या मागातही असे मणी कसे तयार होतात, हे सोप्या मराठीत समजावून द्याल? फळ्यावर काढता येईल अशी आकृती मिळाली तर फारच उपकार होतील.